हरलेल्याचा चहा

पाटणकरांच्या घरात सकाळचा चहा कोणी करायचा हे आदल्या संध्याकाळी ठरायचं, आणि ठरायचं ते भांडून. लग्न झाल्यापासूनचा हा रिवाज. संध्याकाळी गॅलरीत बसायचं, कशावरून तरी वाद काढायचा, पैज लावायची, आणि जो हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी आधी उठून दोघांचा चहा करायचा. जिंकलेल्यानं तो अंथरुणात बसून प्यायचा आणि वर नावंही ठेवायची. आलं जास्त झालं, दूध कमी पडलं, असं काहीही. हरलेल्यानं ऐकून घ्यायचं.

रघुवीर पाटणकर कराडच्या एका हायस्कुलातून भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. वर्गात कधी कुणी उलट बोललं नाही, त्यामुळे आपणही चुकू शकतो ही गोष्ट त्यांना जरा उशिरा, म्हणजे लग्नानंतर समजली. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. वैजयंतीबाई टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. पूर्वी एकशे सत्त्याण्णव नंबर फिरवला की पलीकडून जो आवाज 'नमस्कार, कोणाचा नंबर हवाय?' असं विचारायचा, तो त्यांचा. लोक नंबर तर विचारायचेच, शिवाय शेवटची गाडी कधीची, ग्रहण किती वाजता सुटणार, पोराला गोवर आलाय तर आंघोळ घालू का, हेही विचारायचे. माहीत असेल ते सांगायचं आणि नसेल तिथं 'नोंद नाही' म्हणायचं, हा बाईंचा नोकरीतला धर्म. आमची आई म्हणजे साडी नेसलेलं सर्च इंजिन होती, असं त्यांचा मुलगा निनाद म्हणायचा.

निनादला असं म्हणायचा अधिकार होता, कारण तो 'धांडोळा'त कामाला होता. आणि मोठी मुलगी केतकी होती 'मागोवा'त. देशातली ही दोन सर्च इंजिनं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि पाटणकरांची दोन्ही पोरं दोन तंबूंत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? निनादनं वडिलांच्या पाटीवर धांडोळ्याचा ब्राउझर घातला, केतकीनं आईच्या पाटीवर मागोव्याचा. पाटी म्हणजे टॅबच, पण शिक्षकाच्या घरात त्याला दुसरं नाव कशाला?

पैजेचा निकाल पाटीवर लागायचा. सर हरले की त्यांना ते मान्य नसायचं. पडलो तरी नाक वर! "मी अपील करणार," असं म्हणून ते आपली खुर्ची फरफटत बायकोच्या खुर्चीला आणून भिडवायचे, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे आणि तिच्या पाटीवर मागोव्याला तोच प्रश्न विचारायचे. मागोवाही तेच सांगायचा. मग सर तसेच तिथे बसून राहायचे, अंधार पडेपर्यंत, कधी कधी दिवे लावून झाल्यावरही. बाई हरल्या की त्याही अपिलाला जायच्या, पण क्वचित. सरांनी आपल्या शेजारी यावं, हेच त्यांना हवं असायचं.

ह्या सुखात माती कालवली ती एका अपडेटनं.

ब्राउझरचं अपडेट म्हणजे काही मोठी घटना नव्हे. आपण झोपलेले असताना ते येतं, आपल्या घरात आपल्याच विजेवर बसून काम करतं, आणि सकाळी दोन बटणांच्या जागा बदललेल्या असतात. हे मात्र तसं नव्हतं. झालं होतं असं, की सरकारनं कायदा केला होता : गिऱ्हाइकाला एका शब्दात सर्च इंजिन बदलता आलं पाहिजे. तोंडानं नुसतं 'बदल' म्हणायचं, की धांडोळा जाऊन मागोवा हजर. गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच केलेला कायदा. पण त्यामुळे दोन्ही कंपन्यांची झोप उडाली. कुठल्या क्षणी कोण उठून पलीकडे जाईल, याचा नेम राहिला नाही. तेव्हा माणूस उठतो कधी, हे त्यांनी शोधायला घेतलं.

आणि ते सापडलं. माणूस उत्तर मिळालं नाही म्हणून उठत नाही, उत्तर आवडलं नाही म्हणून उठतो.

एवढं समजल्यावर पुढचं सोपं होतं. प्रश्न विचारताना माणूस नुसते शब्द देत नाही. तो एक शब्द लिहून खोडतो, मध्ये अडखळतो, श्वास रोखतो, एका ओळीवर त्याची नजर जास्त रेंगाळते. दोन्ही कंपन्यांचा नवा ब्राउझर हे सगळं टिपायचा. (परवानगीचा लांबलचक मजकूर आला होता आणि आपण सगळ्यांनी न वाचताच त्याखाली 'मान्य' दाबलं होतं.) त्यावरून ह्या माणसाला काय ऐकायचंय याचा अंदाज बांधायचा, आणि खऱ्या असू शकणाऱ्या दहा उत्तरांतलं नेमकं तेच वर आणून ठेवायचं. खोटं तो बोलत नसे. जगात बहुतेक प्रश्नांना एकाहून जास्त बाजू असतात, आणि तो तुमची बाजू तुम्हाला द्यायचा, एवढंच.

अपडेटनंतरची पहिली पैज कराडच्याच दोन नद्यांवरून लागली. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरला निघतात आणि कराडात येऊन भेटतात. इथवर येईतो जास्त कोण चालली? सर म्हणाले कोयना. बाई म्हणाल्या कृष्णा.

"धांडोळा म्हणतो कोयना," सरांनी जाहीर केलं. "उद्या सकाळी आलं घालून."

"थांबा, माझंही येऊ दे." बाईंनी पाटी पुढे धरली. "मागोवा म्हणतो कृष्णा. सगळी वळणं धरून मोजलं तर."

"वळणं कशी धरलीत त्यावर असतं ते."

"मग धरा की नीट!"

पहिल्यांदाच दोघंही जिंकले होते. अपिलात जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून सरांची खुर्ची जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणीच केला नाही. शेवटी आठ वाजून गेल्यावर दोघंही एकदमच उठले, एकमेकांना चुकवत स्वयंपाकघरात गेले आणि आपापला कप करून घेतला.

सुरुवातीला बाईंना मजा वाटली. रोज जिंकायला कुणाला आवडत नाही? शेजारच्या शिंद्यांच्या आंब्याला मोहोर आधी आला की आपल्या बिल्डिंगच्या, दाण्याच्या कुटात मीठ आधी घालावं की नंतर, केतकीला पहिला दात कोणत्या महिन्यात आला, सगळ्यात त्याच बरोबर. पाटी इतकं गोड बोलायची की नवऱ्याला ते कळावं म्हणून त्या ते मोठ्यानं वाचायच्या. तिकडून सरही मोठ्यानं वाचायचे. मग हळूहळू दोघांनीही मोठ्यानं वाचणं सोडलं. ओट्यावर दोन छोटी पातेली दिसू लागली. गॅलरीत दोन खुर्च्या दोन टोकांना, मध्ये तुळशीची कुंडी, आणि दोन जिंकलेली माणसं गप्प.

भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर बाईंनी निभावून नेलं असतं. एक दिवस भाजी निवडता निवडता त्यांच्या लक्षात आलं, की कित्येक दिवसांत सर आपल्या शेजारी येऊन बसलेले नाहीत.

लग्नाच्या वाढदिवसाला दोन्ही पोरं आली. येताना दोघांनीही भेट आणली होती, आणि दोघांचीही भेट एकच होती : आईबाबांचा पहिला फोन.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सर नोकरीला लागून कराडात नवीन आले होते. त्यांनी शाळेतून एकशे सत्त्याण्णवला फोन करून एक नंबर मागितला. बाईंनी दिला. तो निघाला पिठाच्या गिरणीचा. सरांनी तक्रार करायला परत फोन केला, बाईंनी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी माफी नीट मागितली नाही म्हणून सरांनी पुन्हा फोन केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी अक्षता पडल्या. इथपर्यंत दोघांचं एकमत. पण मुळात त्यांनी नंबर मागितला कशाचा? सर म्हणायचे, ग्रंथालयाचा. बाई म्हणायच्या, ग्रंथालय कसलं, टॉकीजचा. खेळ किती वाजता लागतो ते विचारायला. ही त्यांची सगळ्यात जुनी पैज. निकाल लावायला पुरावाच नव्हता, म्हणून ती नेहमी शिल्लक राहायची, आणि शिल्लक होती म्हणूनच दोघांनाही प्यारी होती.

नव्या ब्राउझरला पुराव्याची टंचाई नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, त्या वर्षीचं हवामान, शाळेच्या सुट्ट्या, दोघांचे नंतरच्या काळातले आवाज, हे सगळं एकत्र करून 'असं झालं असावं' असा प्रसंग तो उभा करून द्यायचा. त्याला पुनर्रचना म्हणत. कानांना ती अगदी खरी वाटायची.

बासुंदीच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर निनादनं वडिलांच्या पाटीवर त्यांची भेट लावली. खरखर झाली, आणि तरुण वैजयंतीचा आवाज आला, "नमस्कार, कोणाचा नंबर हवाय?" मग तरुण सर, जरा घाबरलेले : "ग्रंथालयाचा मिळेल का?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग केतकीनं आपली लावली. तीच खरखर, तेच आवाज. "टॉकीजचा नंबर द्या की जरा."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं मी खोटं बोलतोय, असं म्हणणं आहे का तुझं?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाज शाळेतला होता.

"मी कुठं काय म्हटलं? पाटी म्हणतेय."

"तुझी पाटी म्हणतेय."

ते उठून आत गेले. बाई तिथेच बसून राहिल्या. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तो खरा फोन आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशीची एक्स्चेंजमधली गर्दी, कानावर घट्ट बसणारा हेडफोन, आणि त्यात पहिल्यांदा आलेला तो आवाज. एरवी तो हाक मारल्याबरोबर यायचा. आज आला तो केतकीनं लावलेला. शब्द न शब्द तोच, खरखरही तीच. त्याच्यामागचा जुना आवाज काही केल्या सापडेना.

त्या तशाच उठून स्वयंपाकघरात गेल्या. केतकी भांडी विसळत होती.

"केतकी, मला तो फोन आठवत नाहीये गं. तुझाच ऐकू येतोय."

केतकीचा हात थांबला. "तसं होतं आई," ती हळूच म्हणाली. "आठवण ही काही कपाटात जपून ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं मांडतो. लोणच्याची बरणी उघडली की बाहेरची हवा आत जातेच ना, तसं. आणि त्याच वेळी कुणी जास्त ठसठशीत काहीतरी ऐकवलं, तर परत झाकण लागताना तेच आत जातं."

"मग हे असलं कशाला करता तुम्ही लोक?"

"आम्ही म्हणजे... तुम्ही दोघांनीच शिकवलंत ह्या ब्राउझरांना, आई. सगळ्यांच्याच घरात थोडंफार होतं, पण इथं इतकं कसं, म्हणून मी आणि निनादनं आज बसून बघितलं. बाबा हरले की उठून तुझ्या पाटीवर यायचे. धांडोळ्याला त्यातलं काय कळलं? एवढंच, की मी नकोसं उत्तर दिलं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. रोज रोज गेलं. मग तो शिकला, की ह्या माणसाला हरवायचं नाही. तुझा मागोवाही तसाच शिकला."

"अगं, दुसऱ्या दुकानात कुठले? माझ्याशेजारी बसायला येत होते ते!"

"ते त्याला कसं कळणार?" केतकी म्हणाली. "त्याच्या हिशेबात शेजारी बसणं नाही गं."

बाई ओट्याला टेकल्या. त्यांच्या नोकरीत चुकीचं उत्तर दिलं की माणूस परत फोन करायचा, आणि त्यातल्या एकाशी तर त्यांनी संसार केला. ह्या नव्या यंत्रानं चुकणंच बंद केलं, तर परत येणार कोण आणि कशासाठी?

"जुना ब्राउझर परत घालता येईल?"

"जुना आता मिळत नाही, आई."

पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दोघांनीही जाताना आईला पोटाशी धरलं, जरा जास्तच वेळ. संध्याकाळी सर गॅलरीत आपल्या टोकाला बसले, बाई आपल्या टोकाला. कुंडीतली तुळस मध्ये.

पाटी बाजूला ठेवून नुसतं बोलायला बसावं, असं बाईंच्या मनात आलं होतं. पण कालच्या त्या शब्दांनंतर सुरुवात कुठून करायची? शेवटी त्यांनी ठरवलं, की हरायचं. ग्रंथालय तर ग्रंथालय. माणूस कराडात नवा आला, एकटा होता, त्यानं पुस्तकाची चौकशी केली असेल, तर केली असेल बिचाऱ्यानं. त्याच्या डोळ्यांत काल पाणी आलं होतं, ते टॉकीजसाठी कशाला पुसायचं? फक्त हरायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून त्यांनी पाटी उघडली आणि मागोव्याला पुन्हा विचारलं : पहिल्या फोनवर त्यांनी कशाचा नंबर मागितला? 'टॉकीज' असं उत्तर येणार, आणि मग त्या म्हणणार होत्या, की ह्याचं मी मानत नाही.

मागोव्यानं किंचित वेळ घेतला. मग उत्तर आलं : 'नव्यानं तपासता ग्रंथालयाची शक्यता अधिक दिसते.'

बाई डोळे मोठे करून बघत राहिल्या. कालच्या पुराव्यात आज काहीही बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त त्यांच्या मनात. "लबाडा!" असं म्हणून त्या एकट्याच हसल्या.

मग त्या उठल्या. स्वतःची खुर्ची फरफटत, तुळशीला वळसा घालून, त्यांनी ती नवऱ्याच्या खुर्चीला नेऊन भिडवली. सरांनी दचकून आपली पाटी मांडीवर उपडी केली.

"अपील आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे, मी हरले. ग्रंथालयच होतं. हे बघा."

सरांनी चष्मा नाकावर घेतला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "छे! काहीतरीच. टॉकीजच होतं."

"अहो, पण मागोवा..."

"मागोवा गेला उडत! हे वाच." त्यांनी पाटी सुलटी केली. धांडोळ्यावर लिहिलेलं होतं : 'त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी होती. टॉकीजची शक्यता अधिक दिसते.' "आत्ता विचारलं मी. तूच बरोबर होतीस."

"नाही, तुम्ही."

"वैजू, उगाच वाद घालू नकोस. मी हरलोय!"

"आधी मी हरलेय!"

एवढं बोलून बाई थांबल्या. धांडोळा काय करतो ते केतकीनं त्यांना समजावून सांगितलं होतं. तो सरांना जे ऐकायचं असतं तेच सांगतो. म्हणजे आत्ता, ह्या गॅलरीत, पाटी उपडी करून बसलेल्या ह्या हट्टी माणसाला स्वतःच हरावं असं वाटत होतं. मनापासून वाटत होतं, नाहीतर धांडोळ्यानं असं उत्तर दिलंच नसतं. त्या जुन्या फोनचं यंत्राला काहीही ठाऊक नव्हतं. पण आजचं त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि ते त्यानं स्पष्ट लिहून दिलं होतं. बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी सरांचा हात धरला, उजेडात, शेजारच्या गॅलरीतून शिंदे बघत असताना.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तो फोन आठवतो?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता नाही आठवत," ते म्हणाले. "कालपासून निनादचाच ऐकू येतो."

"मलाही केतकीचा."

मागच्या गोठ्यातली म्हैस ओरडली. संगमाकडून वारा येत होता. सरांनी हाताची मूठ कानाला लावली, करंगळी तोंडाशी आणि अंगठा कानाशी, लहान पोरं करतात तशी.

"हॅलो, एकशे सत्त्याण्णव का?"

बाईंनी पदर सावरला. "नमस्कार. कोणाचा नंबर हवाय?"

"एक नंबर हवा होता हो. पण कशाचा, ते काही आठवत नाही."

"मग नोंद नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "उद्या परत फोन करा."

"करतो," सर म्हणाले.

पैजेच्या नियमात दोघंही हरले तर काय करायचं, याची तरतूद नव्हती. त्यामुळे सकाळी दोघंही आधी उठायला गेले आणि ओट्यापाशी एकमेकांना धडकले. छोटी पातेली मांडणीवर चढवून बाईंनी जुनं मोठं पातेलं काढलं. सरांनी आलं किसलं, बाईंनी दूध आणलं, दोघंही मध्येच एकदा एकमेकांच्या पाठीमागून पातेल्यात डोकावले. कप घेऊन ते गॅलरीत गेले आणि शेजारी शेजारी बसले.

सरांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गोडमिट्ट झालाय."

"साखर दोनदा पडलीय," बाई म्हणाल्या. "मी एकदाच घातली."

"मीपण एकदाच घातली."

"मग चूक तुमची. मी आधी घातली होती."

"शक्यच नाही. आधी मी घातली."

बाईंनी कप खाली ठेवला. पाट्या दोन्ही आत चार्जिंगला लावलेल्या होत्या, आणि त्या आणायला कोणीच उठलं नाही.

"पैज?" त्यांनी विचारलं.